विमान धावपट्टीवरून उसळलं तर: शिकाऊ वैमानिकासाठी लँडिंग सावरण्याची रीत

छोट्या विमानाचं नाक मोडतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या आपटीला. पहिल्यांदा चाकं जरा जोरात टेकतात आणि विमान चार-पाच फूट वर उसळतं. वैमानिक घाबरून योक (नाक वर-खाली करणारा हातातला दांडा) पुढे ढकलतो, नोजव्हील (नाकाखालचं चाक) आधी आपटतं, विमान आणखी उंच उसळतं. पुढच्या खेपेला नोजव्हीलचा फोर्क वाकतो आणि प्रोपेलर जमिनीला लागतो. हे सगळं काही सेकंदांत आटोपतं. सेसना १५२, सेसना १७२ किंवा पायपर पीए-२८ सारख्या, नाकाखाली चाक असलेल्या विमानांवर शिकणाऱ्यांच्या लँडिंग अपघातांत हीच साखळी पुन्हा पुन्हा दिसते. ती कुठल्याही कडीपाशी तोडता येते. पण तोडायची कधी हे जमिनीवर असतानाच ठरवून ठेवलेलं असावं लागतं, कारण उसळलेल्या विमानात बसून विचार करायला वेळ मिळत नाही.

खाली दिलेले आकडे नमुन्यादाखल आहेत. तुम्ही उडवता त्या विमानाची पुस्तिका आणि तुमचे प्रशिक्षक जे सांगतील ते आधी, हे नंतर.

सुरुवात फायनलवरच्या वेगापासून

स्टॉलची (वेग घटून पंखांची उचल नाहीशी होण्याची) भीती मनात असते, म्हणून शिकाऊ वैमानिक फायनलवर (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या उतरणीवर) पाच-दहा नॉट जास्त ठेवतो. त्याला ते सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक उसळ्यांचं मूळ तिथेच असतं. सेसना १७२एस मध्ये पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या झडपा) घेऊन साधारण लँडिंगचा वेग ६० ते ७० नॉट आहे, आणि आखूड धावपट्टीसाठी ६१ नॉट. ६१ च्या जागी ७१ नॉटनी थ्रेशोल्ड (धावपट्टीची सुरुवात) ओलांडलं तर वेग वाढतो १६ टक्के, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती सुमारे ३५ टक्के जास्त होते. ही जादा ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. विमान जमिनीपासून दोन-तीन फुटांवर तरंगत राहतं, धावपट्टी संपत चालल्यासारखी वाटते, धीर सुटतो आणि हात नकळत योक पुढे नेतो. नोजव्हील आधी टेकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे आहे.

‘स्टॉलच्या वेगाच्या १.३ पट’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो वेगदर्शकावरच्या आकड्याला थेट लावू नका. १७२एस मध्ये पूर्ण फ्लॅपचा स्टॉल दर्शकावर ४० नॉटला दिसतो. त्याची १.३ पट ५२ होते, आणि ५२ नॉटनी फायनल उडवणं धोक्याचं आहे. स्टॉलच्या वेळी नाक वर असतं, त्या कोनात दर्शक कमी दाखवतो, दुरुस्त केलेला वेग ४८ नॉटच्या आसपास असतो. गुणाकार त्यावर केला की उत्तर पुस्तिकेतल्या ६१ च्या जवळ येतं. म्हणून स्वतः गणित मांडण्यापेक्षा पुस्तिकेतला वेग घ्यावा.

झोताचा वारा असेल तर झोत आणि सरासरी वारा यांतल्या फरकाच्या निम्मे नॉट वाढवा. वारा १० आणि झोत १८ असेल तर ४ नॉट वाढवायचे, त्याहून जास्त नाही.

पहिल्या सोलोला (एकट्याने केलेल्या उड्डाणाला) आणखी एक गोष्ट बदलते. शेजारचं सीट रिकामं असतं. वजन १० टक्क्यांनी घटलं की स्टॉलचा वेग साधारण ५ टक्क्यांनी घटतो, म्हणजे त्याच ६५ नॉटवर विमान आता जास्त तरंगतं. उड्डाणात ते लवकर वर चढतं, सर्किटची (विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेरीची) उंची अपेक्षेआधी गाठतं, आणि फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक हळूहळू उचलताना) योक तेवढाच ओढला तरी नाक जास्त उचलतं. सोलोला पाठवण्याआधी प्रशिक्षकाने हे तोंडी सांगितलेलं असावं. नसेल तर विचारून घ्या.

३०० फुटांवरची तपासणी

फायनलवर जमिनीपासून ३०० फुटांवर स्वतःला चार प्रश्न विचारा. वेग ठरवलेल्या आकड्यावर, जास्तीत जास्त ५ नॉट वर, आणि त्याखाली अजिबात नाही, असा आहे का? मधली रेषा दोन्ही पायांच्या मधोमध आहे का? फ्लॅप आणि ट्रिम (योकवरचा दाब हलका करणारी जुळणी) पूर्ण झाले का? उतरण्याचा दर स्थिर आहे का? तीन अंशांच्या उतारावर हा दर जमिनीवरच्या वेगाच्या पाचपट असतो. ६० नॉटला मिनिटाला ३०० फूट. दर ६००-७०० फुटांवर गेला असेल आणि तुम्ही अजून उंचच असाल तर सावरायचा प्रयत्न सोडून द्या आणि गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर चढणं) करा. तुमच्या शाळेने ही उंची ५०० फूट ठेवली असेल तर तीच पाळा.

बेसवरून (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावरून) फायनलला वळताना रेषा ओलांडली गेली, तर ती पकडण्यासाठी आतल्या बाजूचा रडर (शेपटीचं पायांनी चालणारं सुकाणू) दाबून नाक वळवण्याचा मोह होतो. तो कधीही करू नका. त्या स्थितीत स्टॉल झाला तर आतला पंख आधी पडतो, आणि ५०० फुटांवरून गिरकी सावरत नाही. रेषा चुकली तर चुकली, पुन्हा एक फेरी मारा.

फ्लेअर: नजर कुठे ठेवायची

राउंड-आउट, म्हणजे उतार मोडून विमान सपाट करणं, साधारण १० ते २० फुटांवर सुरू होतो. उंची आकड्यांत ओळखता येत नाही, ती डोळ्यांनी शिकावी लागते, म्हणून नजरेची जागा महत्त्वाची. नाकासमोरच्या जवळच्या डांबराकडे पाहिलं तर ते वेगाने सरकतं, जमीन खूप जवळ आली असं वाटतं, आणि फ्लेअर उंचावरच सुरू होतो. थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) बंद केला की नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या, आणि नाकाच्या कडेने, जरा डावीकडून, धावपट्टीच्या कडा दिसत राहू द्या. या कडा बाजूंना पसरल्यासारख्या दिसू लागतात त्यावरून उंची कळते.

धावपट्टी नेहमीपेक्षा अरुंद असेल तर तुम्ही उंच आहात असा भास होतो आणि अप्रोच खाली जातो. वर चढत जाणाऱ्या धावपट्टीवरही तसंच. नव्या विमानतळावर जाताना धावपट्टीची रुंदी आधी बघून ठेवा. दुसऱ्या ठिकाणी लँडिंग अचानक बिघडण्याचं हे कारण फार जणांच्या लक्षात येत नाही.

नंतरचं काम एका वाक्यात सांगता येतं: विमानाला टेकू देऊ नका. ते खाली बसू लागलं की योक आणखी थोडा मागे घ्या, पुन्हा बसू लागलं की पुन्हा मागे, मुख्य चाकं आपोआप टेकेपर्यंत. पण नाक वर जाऊन विमान चढू लागलं, म्हणजे बलून झालं, तर योक मागे ओढणं लगेच थांबवा. नाक सपाटीच्या जरा वर धरून ठेवा आणि विमान पुन्हा बसू लागल्यावर फ्लेअर सुरू करा. बलून एखाद-दोन फुटांचा असेल तर एवढं पुरतं. त्याहून मोठा असेल तर थोडं इंजिन द्या. वेग घटत चालला असेल आणि खाली दहा फूट हवा असेल, तर सरळ गो-अराउंड.

उसळी

उसळी दोन प्रकारची असते आणि दोन्हींत हात वेगळा चालतो.

पहिल्या प्रकारात मुख्य चाकं जोरात टेकतात. सेसनाची मुख्य चाकं स्प्रिंगसारख्या पोलादी पायांवर असतात आणि ते पाय घेतलेली ऊर्जा परत देतात, त्यामुळे विमान फूट-दोन फूट वर जातं. नाक फारसं हललेलं नसतं. इथे योक आहे तिथेच धरा, म्हणजे फ्लेअरची स्थिती तशीच ठेवा. उतरण्याचा वेग कमी करण्यासाठी थोडं इंजिन द्या आणि विमान पुन्हा बसू लागलं की योक मागे घेत टेकवा. मग थ्रॉटल बंद करा. पंख सपाट आणि नाक धावपट्टीच्या रेषेत, या दोन गोष्टी सोडायच्या नाहीत. बाजूचा वारा असेल तर उसळीत विमान सरकतं, म्हणून एलेरॉन (पंखांच्या टोकांकडचे, विमान कलवणारे भाग) वाऱ्याच्या बाजूला राहू द्या.

दुसरा प्रकार धोक्याचा. यात नोजव्हील आधी किंवा मुख्य चाकांबरोबर आपटतं. नाक वर फेकलं जातं, पंखांचा कोन वाढतो, उचल वाढते, आणि वेग अजून उडण्याइतका असल्याने विमान चांगलं पाच-दहा फूट वर जातं. आता नाक वर आहे, वेग घटतो आहे, थ्रॉटल बंद आहे. योक पुढे ढकलला तर विमान पुन्हा नोजव्हीलवर पडतं. एलेव्हेटर (शेपटीचा नाक वर-खाली करणारा भाग) फिरवल्यापासून नाक हलेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि हातापर्यंत घाबरट हुकूम पोहोचायलाही वेळ लागतो. या दोन विलंबांमुळे वैमानिक नेहमी एक पाऊल मागे राहतो: विमान खाली येत असताना योक पुढे, वर जात असताना मागे. दर हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. याला पॉरपॉइझिंग म्हणतात, आणि यावर हातांनी मात करता येत नाही. हात जितके चालवाल तितकं ते वाढतं.

म्हणून आमचा आग्रह असा: उसळी दोन-तीन फुटांपेक्षा उंच वाटली, किंवा नोजव्हील आधी लागल्याचं जाणवलं, की पहिल्याच उसळीला गो-अराउंड. दुसरी आपटी बघायला थांबू नका. आणि ती नेमकी किती फूट होती असा विचार डोक्यात आला, तर तेवढीच शंका गो-अराउंडला पुरेशी आहे. अनुभवी वैमानिक मोठी उसळीही इंजिन देऊन सावरतो हे खरं. पण त्याने ते शेकडो लँडिंगांत कमावलेलं असतं, आणि तरीही तो बऱ्याचदा गो-अराउंडच निवडतो.

खूप उंचावर फ्लेअर करून विमान तिथेच स्टॉलला आलं तर तेही असंच दणकन पडतं. कंट्रोल सैल लागू लागले, स्टॉल वॉर्निंग वाजू लागली आणि खाली अजून हवा आहे असं दिसलं, की पूर्ण इंजिन द्या. नाक जरासंच खाली करा. दहा फुटांवर नाक पाडायला जागा नसते.

धावपट्टीवरून गो-अराउंड, क्रमाने

१. थ्रॉटल पूर्ण पुढे, दीड-दोन सेकंदांत, झटका न देता. कार्ब्युरेटर असलेल्या विमानात, म्हणजे १५२ आणि जुन्या १७२ मध्ये, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) त्याच हाताने बंद. १७२एस मध्ये इंधन इंजेक्शन आहे, तिथे ही पायरी नाही.

२. त्याच क्षणी उजवा रडर. कॉकपिटमधून पाहताना प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर पूर्ण इंजिन आणि कमी वेगात नाक डावीकडे जोराने ओढलं जातं. उलट फिरणाऱ्या प्रोपेलरच्या विमानात डावा रडर लागतो.

३. योक पुढे दाबून नाक धरा. फायनलसाठी ट्रिम नाक वर ठेवणारी लावलेली असते, त्यात पूर्ण इंजिन मिळालं की नाक स्वतःहून आकाशाकडे जातं. दाब किती लागतो याचं पहिल्या वेळी आश्चर्य वाटतं. दोन्ही हात लागले तरी लावा, आणि नाक थांबल्यावर ट्रिम फिरवा.

४. फ्लॅप २० अंशांवर. सगळे एकदम वर घेऊ नका, विमान खाली बसेल. जुन्या १५० आणि १७२ मध्ये फ्लॅप ४० अंशांपर्यंत जातात आणि त्या स्थितीत विमान जेमतेम चढतं, त्यामुळे तिथे ही पायरी लांबवता येत नाही.

५. जमिनीच्या जवळच वेग येऊ द्या. पंखाच्या लांबीइतक्या उंचीखाली हवेचा अवरोध कमी असतो, त्यामुळे विमान जमिनीपाशी उडू शकतं पण वर ओढलं की पडतं. १५२ मध्ये ५५ नॉट, १७२एस मध्ये ६० नॉट दिसल्यावर चढा. अडथळे ओलांडले, उंची आणि वेग मिळाला, की उरलेले फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर.

६. रेडिओ सगळ्यात शेवटी. टॉवर वाट बघेल.

विद्यार्थ्यांच्या गो-अराउंडमध्ये अपघात होतो तो बहुधा दुसऱ्या पायरीपाशी. इंजिन दिलं, पाय मोकळे राहिले, विमान डावीकडे वळत गवताकडे गेलं. मग घाबरून उजवा एलेरॉन दिला जातो. कमी वेगात खाली गेलेल्या एलेरॉनचा अवरोध डाव्या पंखावर येतो आणि नाक आणखी डावीकडे जातं. दिशा पायांनी सांभाळायची, हातांनी पंख सपाट ठेवायचे.

बाजूचा वारा आणि जमिनीवरची धाव

बाजूच्या वाऱ्याचा अंदाज मनात असा काढा: वारा धावपट्टीपासून १५ अंशांवर असेल तर त्याचा पाव भाग बाजूने लागतो, ३० अंशांवर निम्मा, ४५ अंशांवर पाऊण, ६० आणि पुढे जवळजवळ पूर्ण. वारा १६ नॉट आणि कोन ३० अंश असेल तर ८ नॉट. १५२ च्या पुस्तिकेत १२ नॉट आणि १७२एस च्या पुस्तिकेत १५ नॉट बाजूचा वारा चाचणीत पेलून दाखवल्याचं दिलेलं आहे. ते आकडे कसलेल्या चाचणी वैमानिकांचे आहेत. तुमची मर्यादा प्रशिक्षकाने लिहून दिलेली असते, आणि ती बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास असते.

टेकण्याआधी वाऱ्याकडचा पंख खाली, उलटा रडर, नाक मधल्या रेषेवर. वाऱ्याकडचं चाक आधी टेकतं, ते बरोबर आहे. टेकल्यावर एलेरॉन सोडू नका. वेग घटत जाईल तसा तो वाढवत पूर्ण वाऱ्याकडे न्या. बहुतेक शिकाऊ वैमानिक इथे हात सोडतात, कारण त्यांच्या लेखी लँडिंग संपलेलं असतं. पीए-२८ मध्ये नोजव्हील रडरच्या पेडलांना थेट जोडलेलं असतं, त्यामुळे रडर दाबलेला असताना नोजव्हील टेकलं तर विमान झटक्याने वळतं. नोजव्हील टेकण्याच्या आधीच्या क्षणी पेडल मधोमध आणा.

टेकताना टाचा जमिनीवर, बोटं ब्रेकपासून दूर. ब्रेक दाबलेल्या अवस्थेत चाकं टेकली तर टायर घासून फुटतो. वेग जास्त असताना टेकवून योक पुढे ठेवला तर वजन नोजव्हीलवर येतं, मुख्य चाकं हलकी पडतात आणि विमान ढकलगाडीसारखं पुढच्या चाकावर फिरू लागतं. उपाय: योक मागे, ब्रेक सोडा.

विमान धावपट्टी सोडून गवतात निघालंच, तर ते परत आणायला जोराचं वळण घेऊ नका. योक पूर्ण मागे, थ्रॉटल बंद, सरळ जाऊ द्या. समोर खड्डा किंवा कुंपण असेल तर मिक्श्चर (इंजिनाला जाणारं इंधन तोडणारी कळ) बंद करा. गवतात सरळ थांबलेलं विमान सहसा दुरुस्त होतं. वेगात वळवलेलं विमान पंखावर पडतं.

अपघात झालाच तर

विमान थांबलं की मिक्श्चर बंद, इंधन बंद, इग्निशन बंद, मास्टर स्विच बंद. रेडिओवर एक वाक्य बोलता आलं तर मास्टर बंद करण्याआधी बोला, पण इंधनाचा वास येत असेल तर त्यासाठी थांबू नका. विमान उलटं पडलं असेल तर पट्टा सोडण्याआधी एक हात छताला टेकवा, नाहीतर मानेवर पडाल. बाहेर पडल्यावर मागच्या बाजूने, वारा येतो त्या दिशेला दूर जा. प्रोपेलरला हात लावू नका, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) चालू राहिलेला असू शकतो. धक्क्याने ईएलटी (अपघाताच्या ठिकाणाचा संकेत देणारं यंत्र) सुरू झालेला असेल. तो ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला आणि १२१.५ वर जवळच्या शोधपथकाला संकेत देतो. मदतीची गरज नसेल तर टॉवरला कळवा आणि त्यांनी सांगितल्यावरच तो बंद करा.

माणसं बाहेर काढणं आणि आग विझवणं सोडून विमानाला हलवायचं नाही. त्याच दिवशी लिहून ठेवा: वारा, वेग, फ्लॅप किती, ट्रिम कुठे, कितव्या आपटीला काय झालं. दोन दिवसांनी आठवण बदललेली असते.

विमान स्वतःहून टॅक्सी करत परत आलं तरी जोराचं लँडिंग लपवू नका. पुढचा विद्यार्थी त्याच विमानात बसणार आहे. अभियंत्याला सांगा आणि लॉगमध्ये नोंद करा. तो पाहील त्या जागा: प्रोपेलरच्या पात्यांची टोकं, नोजव्हीलचा फोर्क आणि ऑलिओ (धक्का शोषणारी नळी), इंजिनामागची फायरवॉल सुरकुतली आहे का, पंखांच्या मुळाशी पत्रा किंवा रिव्हेट हलले आहेत का, शेपटीखालचं कडं घासलं आहे का. १७२ मध्ये पात्याचं टोक जमिनीपासून फूटभरही उंच नसतं, ऑलिओ दबला की ते सहज लागतं. पातं नुसतं जरा वाकलेलं दिसलं तरी धक्का क्रँकशाफ्टपर्यंत गेलेला असतो. लायकमिंग या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या ५३३ क्रमांकाच्या सर्व्हिस बुलेटिनमध्ये प्रोपेलर लागल्यानंतरची तपासणी सांगितली आहे, आणि उंच गवत किंवा पाण्याला लागून इंजिनाचे फेरे अचानक घटले असतील, तर पातं साबूत दिसत असूनही ती लागू होते.

परत उडताना सराव कशाचा करायचा

प्रशिक्षकाबरोबर ३००० फुटांवर जा. पूर्ण फ्लॅप, अप्रोचची ट्रिम, कमी इंजिन, आणि तिथून पूर्ण गो-अराउंड. नाक किती जोराने वर येतं आणि पाय किती लागतो हे हाताला कळेपर्यंत. मग लांब धावपट्टीवर, वारा शांत असताना, थोडं इंजिन ठेवून दोन-तीन फुटांवरून न टेकता धावपट्टीभर उडत जा आणि शेवटी गो-अराउंड. डोळ्यांना उंची शिकवायला हा सराव दहा घाईच्या लँडिंगांपेक्षा उपयोगी पडतो. त्यानंतर प्रशिक्षकाला सांगा की फ्लेअरच्या ऐन मध्यात, न सांगता, ‘गो-अराउंड’ म्हणा. उजव्या पायाने थ्रॉटलबरोबरच हालचाल केली पाहिजे. पाय मागे पडतो आहे असं दिसेल तोपर्यंत सोलोची तारीख पुढे ढकला.